‘म्युझिक हॅज द राइट टू चिल्ड्रन’: ढळत्या सुरांचा एक तास

संथ लयीच्या आणि वातावरणनिर्मितीवर भर देणाऱ्या इलेक्ट्रॉनिक संगीताला ‘डाउनटेम्पो’ म्हणतात. या नावाखाली आज जे काही ऐकायला मिळते, त्यातला मोठा भाग अभ्यास करताना, स्वयंपाक करताना किंवा झोप लागेपर्यंत मागे चालू ठेवण्यासाठीच तयार केलेला असतो आणि तेवढे काम तो चोख करतो. ‘बोर्ड्स ऑफ कॅनडा’ या स्कॉटिश जोडीचा ‘म्युझिक हॅज द राइट टू चिल्ड्रन’ हा अल्बमही अशा याद्यांमध्ये सर्रास सापडतो. वॉर्प आणि स्कॅम या दोन ब्रिटिश कंपन्यांनी तो एप्रिल १९९८ मध्ये मिळून प्रसिद्ध केला. त्यात १७ तुकडे, म्हणजे ट्रॅक, आहेत, एकूण लांबी तासाभराहून थोडी जास्त आहे आणि वरवर ऐकले तर कानाला बोचेल असे त्यात फारसे काही नाही. तरीही मागे लावून ठेवलेला हा अल्बम मागे राहायला तयार नसतो. हातातले काम थांबते आणि आपण लहानपणीच्या कुठल्या तरी दुपारी जाऊन पोहोचतो, जी नेमकी कोणती ते सांगता येत नाही. असे का होते याचा उलगडा मला त्यातल्या चालींपेक्षा, त्या चाली ज्या फितीवरून आपल्यापर्यंत येतात तिच्या दोषांत अधिक सापडतो.

मायकल सँडिसन आणि मार्कस इओइन हे या जोडीतले दोघे सख्खे भाऊ आहेत, ही गोष्ट त्यांनी २००५ पर्यंत उघड केली नव्हती. लहानपणी काही काळ त्यांचे कुटुंब कॅनडातल्या कॅलगरी शहरात राहत होते. तिथल्या ‘नॅशनल फिल्म बोर्ड ऑफ कॅनडा’ या सरकारी संस्थेचे निसर्गपट आणि माहितीपट त्यांच्या मनात इतके ठसले, की पुढे त्यांनी आपल्या जोडीचे नावच त्या संस्थेवरून घेतले. ही संस्था १९३९ साली उभी राहिली आणि तिची घडी बसवणारे जॉन ग्रिअरसन हेही मूळचे स्कॉटिशच होते. आपल्याकडे १९४८ मध्ये मुंबईत सुरू झालेले फिल्म्स डिव्हिजन हे ग्रिअरसन यांच्याच परंपरेतले होते. चित्रपटगृहात मुख्य चित्रपटाआधी दाखवले जाणारे माहितीपट ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना तो भारदस्त निवेदकाचा आवाज, मागची बासरी किंवा सतार आणि घासून घासून पांढऱ्या रेघा उमटलेली रिळे आठवत असतील. दूरदर्शनवर वाढलेल्या पिढीसाठी विजया मुळे यांचा १९७४ चा ‘एक अनेक और एकता’ आणि त्यातले लहान मुलांचे आवाज हे त्याच जगाचे सर्वांत जवळचे उदाहरण ठरेल. शैक्षणिक हेतूने केलेली, सरकारी खर्चाची, थोडीशी ताठर पण मुलांशी मनापासून बोलणारी अशी ती चित्रे होती. बोर्ड्स ऑफ कॅनडाच्या आठवणींचा कच्चा माल हाच आहे. फक्त तो दुसऱ्या देशातला आहे.

इथे एक प्रश्न पडतो. कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतातल्या कुरणांवरचे माहितीपट ज्याने कधी पाहिले नाहीत, त्या सांगलीच्या किंवा नाशिकच्या श्रोत्याला हे संगीत ऐकून हुरहुर का लागावी? उत्तर यंत्रात आहे. कॅसेटची फीत सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर या वेगाने ध्वनी वाचणाऱ्या हेडसमोरून सरकते, आणि तो वेग एक बारीक फिरता दांडा व त्याला दाबून धरणारे रबरी चाक मिळून राखतात. रबर झिजले, पट्टा सैल झाला किंवा फीत ताणली गेली की वेग किंचित कमीजास्त होऊ लागतो आणि वेगाबरोबर सूरही हलतो. वेगात एक टक्क्याचा फरक पडला तरी सूर अर्ध्या स्वराच्या सुमारे सहाव्या भागाइतका ढळतो, म्हणजे तानपुऱ्याची सवय असलेल्या कानाला तो खटकायला पुरेसा असतो. कॅसेटवरून कॅसेट उतरवली की प्रत्येक प्रतीत वरच्या पट्टीतला लखलखीतपणा थोडा गळतो आणि खरखर थोडी वाढते. हे दोष स्कॉटलंडमध्ये जसे होते तसेच महाराष्ट्रात होते. गणेशोत्सवाच्या मंडपात वर्षानुवर्षे वाजलेली आरतीची कॅसेट दर भाद्रपदात थोडी अधिक रडकी होत जायची, आणि तरी सुरुवातीचे दोन स्वर ऐकूनच ती ओळखू यायची. बोर्ड्स ऑफ कॅनडा आपले स्वर मुद्दाम त्या अवस्थेला नेऊन ठेवतात. ते सिंथेसायझर सुरातून किंचित उतरवतात, आवाज फितीवर घेऊन खराब होऊ देतात आणि मग तो खराब झालेला आवाज पुन्हा रचनेत वापरतात. त्यामुळे कालच रचलेली चालही वीस वर्षे माळ्यावर पडून राहिल्यासारखी वाजते. आठवण कशाची आहे याला इथे फारसे महत्त्व उरत नाही. आठवणीवर चढणारी पुटे दोन्हीकडे सारखीच असतात.

‘रॉयजीबीव’ हा अडीच मिनिटांचा तुकडा या कारागिरीचा सर्वांत प्रसिद्ध नमुना आहे. त्याचे नाव इंद्रधनुष्याच्या रंगांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून आले आहे, आपल्या शाळेतल्या ‘तानापिहिनिपाजा’सारखेच. सुरुवातीला खालच्या पट्टीतली जाड, थोडी ओबडधोबड बासची ओळ पुढे येते आणि ती एकटीच इतकी ठाम असते की बाकी काही आले नसते तरी चालले असते. मग हिप-हॉपच्या वळणाचा ठेका लागतो आणि त्यावर एक पातळ, गोड, खेळण्यातल्या वाद्यासारखी धून येते. या धुनेचा प्रत्येक लांब स्वर शेवटाला किंचित डुलतो. गवयाचा आंदोलित स्वर असा डुलतो तेव्हा त्यामागे हेतू असतो आणि ते डुलणेही तालबद्ध असते; इथले डुलणे मात्र यंत्राचे आहे, अनियमित आहे, आणि म्हणूनच ते ऐकताना स्वर आता निसटतो की काय अशी हलकी धाकधूक वाटत राहते. मधूनच एका लहान मुलाच्या आवाजाचा तुकडा कापून टाकलेला आहे. तो शब्द आहे की नुसता हुंकार, हे कळायच्या आत निघून जातो. या तुकड्यात मनात भरण्यासारखी दुसरी गोष्ट म्हणजे तो वेळेत संपतो. एवढी पकड घेणारी धून हाती लागल्यावर कुणीही ती पाच-सहा मिनिटे ताणली असती. या दोघांनी ती श्रोत्याची भूक शिल्लक ठेवून काढून घेतली आहे.

‘टेलिफेसिक वर्कशॉप’ची रीत याच्या अगदी उलट आहे. साडेसहा मिनिटांच्या या तुकड्यात माणसाच्या बोलण्याचे इतके बारीक तुकडे केले आहेत की एकही शब्द शाबूत राहत नाही, फक्त ‘त’, ‘क’, ‘श’ यांसारखे आघात आणि स्वरांची शेपटे उरतात. हे आघात आधी विरळ पेरलेले असतात. मग ते ठेक्याच्या मधल्या जागा भरू लागतात, आणि साधारण निम्म्यावर पोहोचेपर्यंत आपल्या लक्षात येते की तबलजी बोल म्हणतो तसे इथे बोलणेच तालवाद्य झाले आहे, फरक एवढाच की इथे बोल म्हणणाऱ्याला आपण काय म्हणतो आहोत याचा पत्ता नाही. हेडफोन लावून ऐकल्यास हे तुकडे डाव्या-उजव्या कानांत वेगवेगळ्या अंतरांवर बसवलेले जाणवतात. मागे दोन-तीन सुरांची एक उदास पट्टी जवळजवळ न बदलता चालू असते आणि तिच्यामुळे हा सगळा खटाटोप कोरडा होत नाही. माझ्या लेखी संपूर्ण अल्बममधली ही सर्वांत अभ्यासून केलेली रचना आहे, आणि ‘रॉयजीबीव’च्या गोडव्यापुढे ती अनेकदा दुर्लक्षिली जाते याचे वाईट वाटते.

‘अक्वेरियस’ हा तुकडा या अल्बमची दुसरी बाजू दाखवतो. त्याची बास ‘हेअर’ या संगीतिकेतल्या त्याच नावाच्या गाण्यातून घेतलेली आहे, मुलांचे आवाज अमेरिकेतल्या ‘सेसमी स्ट्रीट’ या बालकार्यक्रमातले आहेत. एक बाई शांतपणे अंक मोजत राहते, कुणी तरी ‘ऑरेंज’ हा शब्द पुन्हा पुन्हा उच्चारते आणि एक मूल खुदखुदून हसते. सुरुवातीला हे सगळे बालवाडीच्या वर्गासारखे निरागस वाटते. अंक मात्र काही वेळाने क्रम सोडतात. आवाजात जराही बदल होत नाही, ती बाई आधीइतक्याच मायेने चुकीचे आकडे सांगत राहते, आणि ज्याचे लक्ष तोवर उडालेले असते त्याला काहीतरी बिघडले आहे एवढेच कळते. मुलांना शिकवणारा आवाज हा मुलांवर ताबा ठेवणारा आवाजही असतो, याची जाणीव संगीताने इतक्या सौम्यपणे करून द्यावी हे मला फार मोलाचे वाटते. नुसत्या गोड आठवणींवर चालणारे संगीत आणि हा अल्बम यांच्यात फरक पडतो तो इथे. मुखपृष्ठावर निळसर-हिरवट झाक असलेले एक जुने कौटुंबिक छायाचित्र आहे. त्यात सात माणसे नीट ओळीने उभी आहेत आणि एकालाही चेहरा नाही. आतल्या संगीताची इतकी नेमकी ओळख करून देणारे मुखपृष्ठ क्वचितच पाहायला मिळते.

अल्बमची बांधणी पाच-सहा मिनिटांचे मोठे तुकडे आणि एक-दीड मिनिटांचे छोटे तुकडे आलटून पालटून गुंफण्याची आहे. ‘वाइल्डलाइफ अ‍ॅनालिसिस’, ‘बोकुमा’, ‘कायनी इंडस्ट्रीज’ आणि ‘ओल्सन’ हे छोटे तुकडे दोन मोठ्या तुकड्यांमधली भरताड म्हणून ऐकण्याची चूक करू नये. ‘ओल्सन’मध्ये ठेकाच नाही, दीड मिनिट फक्त काही स्वरसमूह एकमेकांत विरघळत जातात, आणि मला अख्ख्या अल्बममधून एकच तुकडा ठेवायला सांगितले तर मी बहुधा तोच ठेवीन. ‘द कलर ऑफ द फायर’मध्ये एक मूल ‘आय लव्ह यू’ हे शब्द अडखळत म्हणते आणि प्रतिध्वनी ते शब्द इतके पसरवतो की त्यांतला लडिवाळपणा हळूहळू विरून जातो. ‘पीट स्टँडिंग अलोन’ या तुकड्याचे नाव अल्बर्टातल्या ब्लड या मूळनिवासी जमातीतल्या एका गृहस्थांचे आहे. कॅनडाच्या त्याच फिल्म बोर्डाने त्यांच्यावर १९६० मध्ये माहितीपट केला होता. हे माहीत नसले तरी त्या तुकड्याचे काही अडत नाही. माहीत असले तर त्यातल्या उघड्या माळरानासारख्या स्वरांना एक पत्ता मिळतो.

ऐकण्याच्या साधनांविषयी लिहिणे इथे भाग आहे, कारण हा अल्बम मोबाइलच्या स्पीकरवर ऐकला तर निम्माच ऐकू येतो. त्याचा सारा तोल खालच्या पट्टीवर उभा आहे. बास नाहीशी झाली की वरच्या धुना उघड्या पडतात आणि रिंगटोनसारख्या भासू लागतात. चांगल्या हेडफोनवर फितीची खरखर, मागच्या कुजबुजी आणि डाव्या-उजव्या बाजूंची रचना स्पष्ट होते. पण घरातल्या साध्या, जरा मोठ्या स्पीकरवर ऐकण्याचे सुख वेगळे आहे. ‘टर्क्वॉइज हेक्सागन सन’ या पाच मिनिटांच्या तुकड्यात पार्श्वभूमीला माणसांच्या बोलण्याची अस्पष्ट गजबज मिसळलेली आहे. मे महिन्याच्या दुपारी खिडक्या उघड्या ठेवून, पंखा चालू असताना तो लावला, की खालच्या अंगणातली मुले, भंगारवाल्याची आरोळी आणि रेकॉर्डमधली ती गजबज यांच्यातली सीमा पुसट होते आणि संगीत कुठे संपते हे ठरवणे कठीण जाते. स्वच्छ, बंदिस्त, वातानुकूलित खोलीत हाच तुकडा मला थोडा रिकामा वाटतो. आवाजात आवाज मिसळू देणारे संगीत असेल तर आपल्या घरांचा गोंगाट हा दोष न राहता सोय ठरते, असे म्हणायला हरकत नाही.

सगळेच तुकडे सारख्या ताकदीचे आहेत असे मात्र नाही. ‘सिक्स्टीटेन’ आणि ‘रू द व्हर्ल’ हे दोन्ही मोठे तुकडे पहिल्या तीन मिनिटांत आपले सांगणे संपवतात आणि त्यानंतर केवळ ठेक्याच्या जोरावर रेटत राहतात. विलंबित लयीत रेंगाळणे आणि नुसतेच लांबणे यांतला फरक आपल्या श्रोत्यांना समजावून सांगण्याची गरज नाही. ठेक्यांचा मूळ साचा त्या काळच्या हिप-हॉपचा आहे. काही जागी तो इतका ठरावीक वाटतो की वरचे अवघे रंगकाम काढून घेतले तर खाली फारसे काही उरणार नाही. कापलेल्या बालस्वरांची युक्तीही चौथ्या-पाचव्यांदा आली की तिचा दंश कमी होतो. पुढच्या काळात या युक्तीचे इतके अनुकरण झाले की आज पहिल्यांदा हा अल्बम ऐकणाऱ्याला तो आपल्याच नकलाकारांसारखा वाटण्याचा धोका आहे. खरखर आणि ढळता सूर देणारी सॉफ्टवेअरे आता कुणालाही मिळतात आणि अभ्यासासाठी म्हणून चोवीस तास चालणाऱ्या संगीतावर ती सढळ हाताने फवारलेली असतात. तिथे खरखर ही सजावट असते. इथे ती रचनेचा पाया आहे, हे ‘अक्वेरियस’ किंवा ‘ओल्सन’ लक्ष देऊन ऐकले की पटते.

त्याच एप्रिल १९९८ मध्ये ब्रिस्टलच्या ‘मॅसिव्ह अटॅक’ या गटाचा ‘मेझनीन’ हा अल्बमही आला होता, आणि संथ इलेक्ट्रॉनिक संगीताची व्याप्ती समजून घ्यायची असेल तर हे दोन्ही पाठोपाठ ऐकावेत. ‘मेझनीन’ हे रात्रीच्या शहराचे, धुराचे आणि संशयाचे संगीत आहे. त्यात गायक आहेत, गिटारी आहेत आणि प्रत्येक आवाज दबा धरून बसलेला आहे. बोर्ड्स ऑफ कॅनडाचे जग दिवसाउजेडाचे आहे. उन्हात विटलेले पडदे, शाळेची सहल, मोकळे मैदान असा त्याचा परिसर, आणि त्यातली भीती मागाहून, घरी परतल्यावर जाणवणारी आहे. दोन्हींची लय थोडीफार सारखीच असावी आणि परिणामात एवढे अंतर असावे, यावरून ‘डाउनटेम्पो’ या नावाने संगीताविषयी किती थोडे कळते ते ध्यानात येते.

आवृत्तीची निवड करताना एक गोष्ट पाहावी. ब्रिटनमधल्या मूळ आवृत्तीचा शेवट ‘वन व्हेरी इम्पॉर्टंट थॉट’ या सव्वा मिनिटाच्या तुकड्याने होतो. त्यात एका बाईचा औपचारिक आवाज, तुम्हाला काय ऐकायचे हे ठरवण्याच्या तुमच्या हक्कावर गदा येऊ शकते, अशी सूचना देतो आणि अल्बम सरकारी निवेदनासारखा कोरडेपणाने बंद होतो. मुलांच्या हसण्यानंतर येणारा हा थंड शेवट विचारपूर्वक योजलेला आहे. अमेरिकेत निघालेल्या आवृत्तीत आणि पुढे २००४ च्या पुनर्प्रकाशनात त्यापुढे ‘हॅपी सायकलिंग’ हा अठरावा तुकडा जोडला गेला, आणि स्ट्रीमिंगवर साधारणपणे हीच आवृत्ती समोर येते. तो तुकडा वाईट नाही, त्यातली बास तर उत्तम आहे, पण निवेदन संपून दिवे लागल्यावर पुन्हा पडदा वर जावा तसा तो उपरा वाटतो. २०१३ मध्ये वॉर्पने दोन रेकॉर्डांच्या संचात हा अल्बम पुन्हा काढला. ज्यांच्याकडे टर्नटेबल आहे त्यांनी तो घ्यायला हरकत नाही, कारण दर चार-पाच तुकड्यांनी बाजू बदलण्यासाठी उठावे लागते आणि तेवढ्या विरामाने मधला रटाळ भाग सुसह्य होतो. परदेशातून मागवल्यास टपालखर्च आणि जकात मिळून रेकॉर्डच्या किमतीला गाठतात, तेव्हा तो हट्ट हौशी संग्राहकांनीच करावा. स्ट्रीमिंगवर ऐकणाऱ्यांनी शफल बंद ठेवावे, अल्बम संपताच आपोआप सुरू होणारे दुसरे संगीतही बंद ठेवावे आणि सतराव्या तुकड्यानंतर थांबावे. हा अल्बम आवडला तर याच जोडीचा २००२ चा ‘जिओगाडी’ ऐकावा. तो याहून काळोखा आहे, आणि ‘अक्वेरियस’मधल्या चुकलेल्या अंकांनी ज्यांना अस्वस्थ केले त्यांनी तो रात्री एकट्याने लावू नये.